भेगाळलेल्या नावा आणि अकरा सल्लागार

फार फार वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या राज्यात महामारी आली. वर्षभर घाट ओस पडला. साथ ओसरली, तेव्हा नावाड्यांपैकी निम्मेच उरले होते, आणि उन्हात पडून राहिलेल्या नावांना भेगा पडल्या होत्या.

राज्याचा सगळा व्यापार नदीपलीकडून यायचा. विस्कटलेली घडी पुन्हा कशी बसवावी, हे सांगायला राजाने अकरा विद्वानांचं सल्लागार मंडळ नेमलं. त्यांतल्या एकानेही कधी वल्हं हातात धरलं नव्हतं.

राही नावाची नावाडीण त्यांच्याकडे गेली. तिचा नवरा साथीत गेला होता. नाव आता तीच चालवायची.

ती म्हणाली, "राजाच्या रानातलं थोडं सागवान द्या. नावा दुरुस्त झाल्या की बाकीचं आमचं आम्ही बघतो."

मंडळाचे प्रमुख म्हणाले, "बाई, विषय इतका सोपा नाही. अभ्यास करावा लागेल."

अभ्यास सुरू झाला. नाव कशाला म्हणावं, यावरच दोन महिने वाद झाला. आधी मोठ्या नावा की लहान, यावर आणखी तीन. बैठकीत रोज सुकामेवा यायचा, आणि घाटावरच्या चुली आठवड्यातून दोनदा पेटायच्या. राही चार वेळा गेली. चारही वेळा तिला दारातूनच परत धाडलं. पलीकडचे व्यापारी वाट पाहून कंटाळले आणि शेजारच्या राज्याच्या पुलाकडे वळले.

शेवटी मंडळाने राजाला सांगितलं, "महाराज, नावा ठीक आहेत. लोकांच्या मनात उगाच भीती आहे. नदीतून नावांची मिरवणूक काढा."

मिरवणुकीला राजा घाटावर आला. भेगांवर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. राहीने मात्र आपली नाव काठावरून पाण्यात लोटली नाही.

"नाव का सोडत नाहीस?" राजाने विचारलं.

"माझी माणसं साथीने नेली, महाराज. उरलेली मी बुडवणार नाही. नावा ठीक आहेत असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी आधी बसावं."

राजाने मंडळाकडे पाहिलं. प्रमुख एक पाऊल मागे सरले. मग बाकीचे दहाही.

राजाने माळा उचलून खालच्या भेगा पाहिल्या आणि त्याची मान शरमेने झुकली. मंडळ त्याच दिवशी मोडलं. सागवान मिळालं. जे काम दहा महिने अडलं होतं, ते नावाड्यांनी पंधरा दिवसांत केलं. पण व्यापारी परतायला तीन वर्षं लागली, आणि मधल्या काळात उपाशीपोटी गाव सोडून गेलेली चाळीस घरं कधीच परतली नाहीत. त्या अकरा जणांच्या घरी मात्र एक वेळही चूल पेटायची चुकली नव्हती.

तात्पर्य: ज्याला नावेत बसायचं नाही, त्याच्या सल्ल्याने नाव हाकू नये.