न खाजणारा पाला

एका गावात एक माळी होता, भिवाजी त्याचं नाव. ओढ्याकाठच्या जमिनीत तो पालक, चुका, राजगिरा आणि अळू लावायचा. माणूस कष्टाळू, हात सढळ, फक्त आपलं म्हणणं एकदा ठरलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

एका पावसाळ्यात त्याला ताप आला. ताप लांबला, अंगातलं बळ गेलं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने कच्चा पालक आणि चुका पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून रस प्यायला. ताप उतरला. खरं म्हणजे तो उतरायलाच आला होता, पण श्रेय रसाला मिळालं.

त्या गावात पालक उकडून, पाणी टाकून, ताकात शिजवायची रीत होती. भिवाजीची बायको सगुणाही तसाच करायची. भिवाजीला ते पटेनासं झालं. तो म्हणायचा, “उकडून पाल्याचा जीव घालवायचा आन वर ताक वतायचं. मग त्यात ऱ्हायलं काय?” त्याने भाजी सोडली आणि रोज सकाळी तांब्याभर रस सुरू केला.

अळू मात्र त्याने रसात कधी घातला नाही. कच्चा अळू घशाला खाजवतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. भिवाजीचा हिशोब सरळ होता. जो पाला घशाला खाजवत नाही, तो आतही काही करणार नाही.

हळूहळू लोक जमू लागले. कुणाची कंबर, कुणाचं पित्त, कुणाचा जुना खोकला. भिवाजी पारावर बसून सगळ्यांना रस द्यायचा आणि पैसा घ्यायचा नाही. फुकट ते पौष्टिक, लोकांना आणखी काय हवं? ज्याला कुणी ‘अरे भिवा’ म्हणायचं, त्याला सगळे ‘आण्णा’ म्हणू लागले. ते त्याला फार गोड लागलं.

पुढे त्याच्या अंगाला खाज सुटली. आधी नडग्या, मग हात, मग पाठ. खाजवून खाजवून कातडी काळी पडली, जखमा झाल्या. सगुणा म्हणाली, “आवो, रस बंद करून बघा की जरा.”

“अगं, आतलं विष भाईर पडतंय,” भिवाजी म्हणाला. “औषिद लागू पडल्याची खूण हाय ही.”

त्याने रस वाढवला आणि लांब बाह्यांचा सदरा घालायला लागला. खूण एवढी चांगली होती तर ती झाकायची कशाला, हे सगुणाने विचारलं नाही. संसार केलेल्या बायकांना काही प्रश्नांची उत्तरं न विचारताच कळतात.

हौसाआक्का नावाची एक एकटी बाई रोज रस प्यायला यायची. खुरपणीला जाऊन पोट भरायची. तिलाही खाज सुटली, पाय सुजले. भिवाजीने तिला तेच सांगितलं, “विष निघतंय आक्का, सोडू नगंस.” तिने सोडला नाही.

मग एके दिवशी भिवाजीच्या कुशीत अशी कळ आली की तो अंगणात गडबडा लोळला. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लघवी तपासली, पोटाचा फोटो काढला आणि काय काय खाता ते विचारलं.

“खाज सुटायला शंभर कारणं असतात काका,” त्या म्हणाल्या. “तुमचं कारण हा रस आहे. पालकात, चुक्यात ऑक्झलेट नावाचा क्षार असतो. थोडा असला तर शरीर लघवीवाटे टाकून देतं. तुम्ही तो तांब्यातांब्याने प्यायलात. त्याचे खडे झाले, मूत्रपिंडं थकली. मूत्रपिंडं थकली की अंगाला अशी खाज सुटते.”

“म्हंजी विष निघत नव्हतं?”

“निघत नव्हतं. साठत होतं. उकडून पाणी टाकलं की तो क्षार बराच जातो; तशी ताकातली भाजी खा कधीमधी, पण रस बंद.”

भिवाजी घरी आला. रस बंद केला, औषध घेतलं, त्याला उतार पडू लागला. पण पारावर लोक वाट पाहत होते. आता सांगायचं काय? ज्या तोंडाने विष निघतंय म्हणून सांगितलं, त्याच तोंडाने विष मीच पाजलं म्हणायचं? त्याने निरोप धाडला की यंदा पाल्याला कीड लागली आहे, रस मिळणार नाही.

त्याला वाटलं, साप मेला आणि काठीही वाचली.

काही दिवसांनी हौसाआक्का दारात आली. चेहरा सुजलेला, पाय टाकवत नव्हता. पदरात मात्र चुक्याची जुडी.

“आण्णा, तुमच्या पाल्याला कीड लागली तर काळजी करू नगा,” ती म्हणाली. “म्या बाजारातनं आणून घरीच वाटतीया. तुमच्यापरीस जरा जास्तच पितीया, म्हंजी लवकर निघंल समदं. ही जुडी तुमास्नी आणलीया.”

भिवाजी तसाच उठला, पारावर गेला आणि सगळ्यांसमोर धोतर गुडघ्यावर घेऊन नडग्या उघड्या केल्या.

“बगा. कीड पाल्याला न्हवती लागली,” तो म्हणाला. “रसानं माझी ही गत झाली, आन ते मला दवाखान्यातच कळलं व्हतं. ज्यानं ज्यानं पेला, त्यानं आजच बंद करा आन तपासून घ्या.”

कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. एकाने तर त्याच्या अंगावर तांब्या फेकला. भिवाजीने बैल जुंपले आणि हौसाआक्काला गाडीत घालून तालुक्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं, पण तिची मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत. खुरपणीचं काम कायमचं सुटलं. भिवाजी आणि सगुणाने तिला आपल्या घरी आणून ठेवलं.

“हिला जरा आधी आणायला हवं होतं,” निघताना डॉक्टरीणबाई भिवाजीला म्हणाल्या होत्या. “तुम्हाला कळलं, तेव्हाच.”

हौसाआक्काने ते ऐकलं होतं. घरी आल्यावर तिने एकदाच विचारलं, “आण्णा, तवाच का न्हाई सांगितलंसा?”

भिवाजी तिच्या सुजल्या पायांना तेल लावत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

तात्पर्य: चूक कोणाच्याही हातून होते, पण ती कळल्या दिवशीच सांगावी. आपली लाज राखण्यासाठी गप्प बसलं, तर त्याची किंमत आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.