रंग उतरलेले हात

ज्याच्या हातावरचा रंग उतरला, त्याने डोंगरापलीकडच्या झोपड्यांत राहायला जायचं. का, ते कुणी विचारायचं नाही. रंगारवाडीतली पोरं हे ऐकतच मोठी होत.

वाडी मात्र फार देखणी होती. दारोदारी रंगाचे रांजण, अंगणाअंगणात वाळणारं केशरी, जांभळं, पोपटी सूत. वारा आला की सगळी वाडी मोराच्या पिसाऱ्यासारखी फुलायची. चिमुकल्या बकुळला मात्र त्या रंगांची धास्ती वाटे. तिला आईबाबा नव्हते. गळक्या छपराखाली ती आणि तिचे आजोबा, दोघंच राहत. आबांनी जन्मभर सूत निळीत बुडवलं होतं. आता हात थरथरतात म्हणून पंचांनी त्यांचं काम बंद केलं होतं. काम सुटलं की रंग हळूहळू उतरतो, आणि दर पौर्णिमेला पंच विहिरीपाशी सगळ्या मोठ्या माणसांचे हात बघत.

काम सुटून कितीतरी दिवस झाले, तरी आबांचे हात गडद निळेच होते.

“आबा, काम नाही, मग हात निळे कसे?”

“मुरलेला रंग आहे तो, बाळ.”

“कालच्यापेक्षा आज जास्त मुरलाय?”

“तू जेव गुपचूप,” आबा म्हणाले आणि भाकरी मोडताना कळवळले.

बकुळची खात्रीच पटली, की इथे काहीतरी लपवाछपवी आहे. पौर्णिमेच्या सकाळी ती दबकत त्यांच्या मागे गेली. शेजारच्या गोठ्यामागे आबा दात आवळून उभे होते. दोन्ही हात कोपरापर्यंत कडक निळीत होते. बाहेर काढले तेव्हा कातडीला लालभडक भेगा पडलेल्या दिसल्या.

ती तशीच रानाकडे पळाली, आबांच्या हातांसाठी कोरफड आणायला.

रानात तिने कोरफडीचं एक पान तोडलं. भोवती पानापानांवर दवाचे इवलेसे मणी लुकलुकत होते. त्यातला एक जरा जास्तच लुकलुकला. ती होती मोगऱ्याच्या कळीएवढी परी. झगा गुलाबी, केस सोनेरी, पण एक पंख होरपळून काळा पडलेला.

“थोडा गर मला देशील?” परीने विचारलं.

“कशाला?” बकुळ दोन पावलं मागे सरली.

“उन्हाने पंख भाजलाय गं.”

बकुळने अर्धी कोरफड मोडून तिच्यापुढे ठेवली. गर लागताच पंख चंदेरी झाला, झगमगला.

“गुणाची गं तू. माग, काय हवं ते.”

“नियम काय आहे ते आधी सांग.”

“नियम आहे हे तुला कसं कळलं?”

“मोठी माणसं काही देतात तेव्हा असतोच.”

“मी कुठे मोठी आहे?” परी खुदकन हसली. “बरं, ऐक. तुझ्या मनात आहे ना, तसे तुझ्या आबांचे हात कायमचे निळे होतील. पण तो रंग दुसऱ्या कुणाच्या तरी हातावरून येईल. कुणाच्या, ते विचारायचं नाही.”

बकुळने डोळे बारीक केले. “हे तुला आमच्या पंचांनी शिकवलं का?”

परी पंख झटकून पलीकडच्या पानावर जाऊन बसली.

“म्हणजे माझे आबा राहणार आणि दुसऱ्या कुणाचे तरी आबा जाणार. नको मला.”

“मग तुझे आबा जातील, बकुळ.”

बकुळचे डोळे डबडबले, पण ती बधली नाही. “त्यांच्या हातांची आग तरी थांबव. आणि असे चोरून हात पोळवून घेणारे आणखी कुणी असतील, तर त्यांचीही.”

“या मागणीला कुठलाच नियम नाही,” परी हळूच म्हणाली. ती गिरक्या घेत वर वर गेली आणि सोनेरी, गुलाबी, रुपेरी उजेड सांडला. तो झाडांवरून ओघळत वाडीवर पसरला. बकुळने दिपलेले डोळे उघडले तेव्हा परी नव्हती.

घरी आबा आपल्या हातांकडे बघत बसले होते. एकही भेग नव्हती. हात तान्ह्या बाळासारखे मऊ, आणि अगदी कोरे.

संध्याकाळी विहिरीपाशी वाडी जमली. तरुणांचे हात रंगलेले होते. हणमंत पंच आबांसमोर येऊन थांबले. “कोरे. उद्या पलीकडे. बोचकं बांधा.”

आबांनी मान डोलावली. “नियमच आहे, बाळ. रडू नकोस.”

बकुळ रडत नव्हती. ती पंचांकडे निरखून बघत होती. आज एवढं उकडत असताना पाचही पंचांचे हात उपरण्याखाली का?

“पंचआजोबा, तुमचे हात दाखवा.”

“पंचांचे हात कुणी बघत नाही, पोरी.”

“का नाही?” तिने उपरणं ओढलं. हात मऊ, गुलाबी, रंगाचा ठिपकाही नाही. एकेका पंचाचं उपरणं बाजूला झालं. सगळ्यांचे हात तसेच, आबांसारखे. म्हणजे पंचही चोरून हात पोळवून घेत होते!

बकुळने आबांचा हात आपल्या चिमुकल्या हातात धरला.

“आबा कुठेही जाणार नाहीत. काम होवो न होवो, आमच्या घरात माझ्या शेजारी बसतील. तुम्हीही तुमच्या घरी बसा. आणि कुणी का जायचं, ते आता मला सांगाच.”

हणमंत पंचांनी दुसऱ्या पंचांकडे पाहिलं. त्यांनी तिसऱ्यांकडे. उपरणी तशीच खाली पडलेली होती, आणि ती उचलायला एकही कोरा हात पुढे येत नव्हता.