ओळंब्याचं काम

फार मागची गोष्ट. तेव्हा अवजारं बोलायची, आणि माणसांसारखीच गरजेपेक्षा जास्त बोलायची.

रखमाजी गवंड्याची थापी दिवसभर चुना लिंपायची आणि लिंपता लिंपता ओळंब्याला टोचायची. "आम्ही राबायचं, आणि या महाराजांनी दोरीला नुसतं लोंबकळायचं."

भिंत सरळ आहे की नाही ते दाखवायचं, एवढंच ओळंब्याचं काम. पण टोमणा ऐकला की तो तावातावाने भांडायला लागायचा. "तू एकदा लोंबकळून बघ, मग बोल." बोलला की हलायचा, आणि हलला की रखमाजीला भिंत कधी आत दिसायची, कधी बाहेर. शेवटी एक कोपरा चांगला दोन बोटं कलला. रखमाजीने तो पाडला. म्हणाला, "उद्याही हेच झालं तर हा शिशाचा गोळा भंगारात."

ओळंब्याचं तोंड उतरलं. "घमेलेदादा, त्या थापीचं तोंड कसं बंद करू?"

"नाही होत," घमेलं म्हणालं. "माझ्या तर पोटात खडखड करते ती, गेली वीस वर्षं. पण तिला उत्तरं द्यायला तुला ठेवलंय का इथे?"

दुसऱ्या दिवशी थापीने सकाळीच तोंड सोडलं. ओळंबा थरथरला, पण बोलला नाही. हळूहळू दोरी स्थिर झाली. रखमाजीने एक डोळा मिटून पाहिलं.

"थापीचा हा थर पुढे आलाय. खरवडायला हवा."

थापी बडबडत आपलाच चुना खरवडायला लागली. काय बडबडत होती ते ओळंब्याला कळलं नाही. तो पुढच्या कोपऱ्यावर गेला होता.