गाडीतलं पाणी

त्या सकाळी गाडीत पाणी कोणी ओतलं? आम्ही पुष्कळांना विचारलं. कित्येक वर्षं कोणी सांगितलं नाही.

ट्युनिशियातल्या आमच्या गावात जिकडे बघाल तिकडे ऑलिव्हच्या बागा. हंगामात बाया बोटांत बकऱ्याच्या शिंगांची टोकं घालून फांद्यांवरची फळं ओरबाडतात. त्यांना बागेत नेणारी मागून उघडी गाडी एकच, लझहरकाकाची. निघण्याआधी गाडीत मागे पाणी ओतलेलं असायचं. तळ ओला असला की बाया खाली बसत नाहीत, आणि उभ्या राहिल्या की जास्त मावतात. एका वळणावर उभ्या बाया बाहेर फेकल्या गेल्या. त्यात माझी आई आणि थोरली बहीण मबरूका गेल्या.

मधली बहीण ओल्फा राजधानीत कायदा शिकत होती. ती घरी आली. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला लझहरकाकाने आपणहून मेंढा पाठवला. सगळे त्याला दुवा देत होते. ओल्फाने ताटाला हात लावला नाही. तिने सर्वांसमोर विचारलं, "काका, पाणी कोणी ओतलं?"

तो शेजारच्याच्या ताटात मटण वाढू लागला. गावाने संशय घेतला तो ओल्फावर.

"हिला कोणीतरी पढवलंय."

"निवडणुकीला उभं राहायचं असेल. आईच्या मातीवर नाव काढतेय."

मलाही तसंच वाटलं. मी म्हणालो, "ताई, खरं सांग. तुझ्यामागे कोण आहे?"

"कोणी नाही. वकील झाले की हा खटला मीच लढणार. अजून काय विचारायचंय?"

ती वकील झाली. सुट्टीला आली की दारोदार फिरून बायांना साक्षीसाठी विनवायची. मी तिच्या पाळतीवर राहिलो. कोणाला भेटते, कोणाचा फोन येतो, सगळं पाहिलं. काही सापडेना. शेवटी चिडून मी लझहरकाकाकडे गेलो आणि तिचाच प्रश्न विचारला.

तो हसला. "तुला कोणी पाठवलं रे?"

ओल्फाने मला दर वेळी उत्तर दिलं होतं. त्याने एकदाही दिलं नव्हतं.

खटल्याच्या दिवशी ओल्फा कोर्टात पुढे गेली. साक्षीला यायच्या बाया घरातून हलेनात. "बोललो तर उद्या कामाला कोण नेईल?" शिवाय शहरात जायला गाडी लझहरचीच.

मी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणला. ट्रॉलीत घरातल्या सगळ्या चटया अंथरल्या. प्रत्येक दारात थांबून म्हणालो, "कामाला नेतो म्हणता ना? माझ्या आईला त्याने परत कुठे आणलं?"

अपघातात आईशेजारी उभी असलेली झोहरामावशी सगळ्यात आधी चढली. मग बाकीच्या आल्या. मी ट्रॅक्टर दामटला, तशी मागून झोहरामावशी म्हणाली, "हळू रे पोरा. बसून जायची सवय नाही आम्हाला."

मी वेग कमी केला. कोर्टाच्या दारात ओल्फा काळा झगा घालून वाट बघत होती. एकेकीला हात देऊन मी तिच्याजवळ उतरवलं. आई आणि मबरूकासाठी मी केलेलं ते शेवटचं काम.

तात्पर्य: प्रश्न विचारणाऱ्यावर संशय घेणं सोपं असतं; घ्यायचाच तर जो उत्तर टाळतो त्याच्यावर घ्यावा.