खारं पाणी प्यालेलं इंजिन

"पण माझं चुकलं कुठे, बुवा? तेवढं सांगा."

दिगंबरने हे तिसऱ्यांदा विचारलं. इंजिनाची दोरी निरंजनबुवांनी नुकतीच ओढून पाहिली होती. दोरी जागची हलली नव्हती.

बुवा गावोगावची फेरी संपवून तेव्हाच मठात पोचले होते. पाय धुवायचे राहिले होते. मी तांब्या घेऊन तसाच उभा. मठात माझं काम भात शिजवण्याचं, पण इथे माणसाला धड भातसुद्धा शिजवू देत नाहीत.

ओसरीवर पाट, पाटावर होडीचं इंजिन. वर भगवी छाटी पांघरलेली, पुढे समई. देवच बसवला होता म्हणा ना.

झालं होतं असं. बुवा गेले आणि लगेच परतीच्या पावसात मठाची होडी धक्क्याला बांधल्या जागी बुडाली. दिगंबर गळ्याइतक्या पाण्यात उतरला. इंजिन सोडवून खांद्यावरून वर घेऊन आला. खोटं कशाला बोलू, तेवढं त्याने केलं. मठात येण्याआधी तो बंदरावर इंजिनंच दुरुस्त करायचा.

होडी गावाने ओहोटीला उपसून काढली. इंजिन मात्र त्याने पुसलं, पाटावर ठेवलं आणि हात जोडून बसला.

त्याचा नेम होता. गुरूच्या आज्ञेवाचून कशाला हात लावायचा नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला हा नेम सांगायचा, आणि सांगताना मान जरा ताठ व्हायची.

इकडे खाडीपलीकडच्या वाडीत शेवंतीचे दिवस भरत आले होते. दवाखाना आमच्या तीरावर. इंजिनाची होडी सगळ्या खाडीत ती एवढी एकच. ओहोटीची ओढ लागली की वल्ह्याच्या होडीचं काही चालत नाही. तिचा सासरा, धाकूतात्या, भरती साधून रोज वल्हवत यायचा.

"झालं काय रे?"

"बुवा आले की," दिगंबर सांगायचा.

मी एकदा तोंड उघडलं. तर म्हणाला, "काका, तुम्ही आपलं भाताकडे बघा." बघितलं भाताकडे. काय करणार?

बुवा आता पायरीवर टेकले.

"खारं पाणी आत गेलं की काय करतात?"

"लगेच उघडायचं. गोड्या पाण्याने धुवायचं, तेल सोडायचं."

"आणि लगेच उघडणं जमलं नाही तर?"

"तर गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवायचं. बाहेर काढून ठेवलं की वारा लागतो, आतून गंज धरतो."

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"विहीर आटली होती?"

"नाही..."

"मग?"

"आज्ञा नव्हती, बुवा."

बुवांनी डोळे मिटले. किती थकले होते ते मला तेव्हा दिसलं. माझ्या हातातला तांब्या त्यांनी घेतला आणि पाय धुवायचं पाणी पिऊन टाकलं.

धाकूतात्या अंगणात येऊन उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही, तो आपणच बसला.

"सुईण म्हणते, कळा कधी सुरू होतील भरवसा नाही," तो म्हणाला.

"पाना आण," बुवा म्हणाले.

दिगंबर धावत जाऊन घेऊन आला. "आता आज्ञा करा, बुवा."

"तू बस. हात लावू नकोस."

बुवांना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी प्लगला पाना लावला आणि जोर करू लागले.

"बुवा, उलटं फिरवताय."

"असेल."

"तो काढायचाय. तुम्ही आवळताय."

"बरं."

पाना घसरला. बुवांच्या बोटाचं साल निघालं. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा त्याच बाजूला.

"बुवा, प्लग आत तुटेल. मग कोणाच्या बापाला निघणार नाही..."

"हात लावू नकोस म्हटलं ना."

दिगंबर एकदा बुवांकडे बघत होता, एकदा तात्याकडे. मला तर वाटलं, आता हा रडतो. बुवांनी पान्यावर सगळं अंग टाकलं. आतून कर्र आवाज आला.

"सोडा ते," दिगंबर म्हणाला आणि पाना हिसकून घेतला.

बुवा बाजूला सरकले. बोट तोंडात धरून बसून राहिले.

मग काय विचारता. समई कोपऱ्यात गेली, छाटीचं फडकं झालं. प्लग निघाले. आत रॉकेल सोडलं, तेल सोडलं. तात्या कंदील धरून होता. मी विहिरीवरून घागरी आणता आणता पाठीचा काटा ढिला करून घेतला, आणि त्यात भात करपला.

पुष्कळ वेळाने दोरी वीतभर सरकली.

"चालेल काय रे?" तात्याने विचारलं.

"चालेल. थोडा वेळ द्या, चालवतोच." दिगंबर हसला. या मठात त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग त्याला नेम आठवला. चेहरा उतरला. तसाच तेलकट हातांनी तो बुवांपुढे जाऊन उभा राहिला. बुवा घोंगडी अंथरत होते.

"बुवा... आज्ञा असेल तर होडीला लावून..."

बुवा आडवे झाले. घोंगडीचं टोक तोंडावर ओढून घेता घेता म्हणाले,

"मी झोपतो, दिगंबर. पलीकडून हाक आली, तर मला विचारायला उठवू नकोस."