तारेतले तांबे

एक वयोवृद्ध आचार्य एका प्रयोगशाळेत अतिवाहक तार घडवत असत. सूर्यात अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा देतात, तशी भट्टी उभारायची तर तिच्यातला धगधगता वायू भिंतीला लागू न देता प्रबळ चुंबकाने अधांतरी धरावा लागतो. त्या चुंबकासाठी ही तार होती. आत नायोबियम आणि कथील यांचे केसाहून बारीक धागे, भोवती तांबे. द्रव हेलियममध्ये गार केल्यावर त्या धाग्यांतून वीज विनाअडथळा वाहते.

त्यांच्या एका शिष्येच्या ध्यानात आले की, अशा वेळी तांब्यातून काहीच वाहत नाही. "सर, आपण चुंबक करतोय की हंडा?" ती हसून म्हणाली. तिने बहुतेक तांबे काढले आणि त्या जागी धागे भरले. तेवढ्याच जाडीची तार आता कितीतरी अधिक वीज वाहू लागली. चुंबकासाठी एकच तार निवडली जाणार होती, आणि शिष्येच्या आजवरच्या साऱ्या कामाचे चीज त्या निवडीवर अवलंबून होते.

चाचणीच्या दिवशी दोन्ही तारा हेलियममध्ये उतरवून त्यांतून वाढती वीज सोडली. वीज वाहण्यात शिष्येची तार सहज पुढे गेली. सगळे तिचे कौतुक करत असतानाच आचार्यांनी एक बटण दाबले. दोन्ही तारांना त्यांनी आधीच एकेक इवलासा हीटर चिकटवून ठेवला होता. जुनी तार क्षणभर तापली आणि पुन्हा निवली. शिष्येची तार जागीच वितळून तुटली.

"सर, तुम्ही मुद्दाम जाळलीत," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो, मुद्दाम," आचार्य म्हणाले. "चुंबकात तारेवर प्रचंड जोर येतो. ती केसभर जरी सरकली, तरी तेवढा ठिपका तापतो आणि तिथले धागे वीज अडवू लागतात. एवढी वीज मग जाईल कुठे? पुरवठा बंद होईपर्यंत ती तांब्यातून जाते. सारे सुरळीत असताना तार किती वाहते, हे तू नीट मोजलेस. बिघडल्यावर ती काय करते, हे मोजायचे राहिले. तुझे धागे मात्र आमच्याहून सरस आहेत, ते टाकू नकोस."

शिष्येने तुटलेले टोक उचलून निरखले. मग नव्या तारेचा आराखडा काढायला बसली. कोणी सांगण्याआधीच तिने तांब्याची जागा प्रथम आखली आणि उरलेल्या जागेत आपले धागे बसवले. वाहणाऱ्या विजेचा आकडा खाली आला. तो तिने शांतपणे लिहिला.

वेळापत्रक आखताना आपण मोकळा तास सर्वांत आधी खोडतो. तो कशासाठी होता, हे घडी विस्कटलेल्या दिवशी कळते.