दहाव्या हंगामाचा गोल

मुलांनो, तुमचा आवडता संघ वर्षानुवर्षे हरत राहिला, तर तुम्ही त्याला सोडून द्याल, की आणखी घट्ट धरून ठेवाल?

नदीकाठच्या एका जंगलात एक ससा राहत असे. त्याने आपल्या संघाला कधीच सोडले नव्हते. दर हिवाळ्यात नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे प्राणी कुरणावर फुटबॉलचा सामना खेळत. चेंडू वाळक्या वेलींचा आणि गोलाचे खांब बांबूचे. सशाचा संघ अलीकडचा, आणि तो सलग नऊ हंगाम हरला होता. दहाव्या सामन्याच्या दिवशी संघाची कप्तान हरणी चाहत्यांच्या टेकाडावर आली आणि म्हणाली, "यंदा जिंकलो नाही, तर आम्ही खेळ सोडणार. पायांत बळ आहे अजून, पण मन थकलंय." हे ऐकून ससा टेकाडाच्या पुढच्या कडेला सरकून बसला. हिवाळा लागला की टेकाडावर जाऊन बसायचे, यापलीकडे त्याला दुसरा सण ठाऊक नव्हता.

सामन्याचा पंच होता कासव. स्वभावाने मोठा न्यायी, पण चेंडू खांबांपाशी पोहोचला तरी कासव आपले मैदानाच्या मध्यावरच असे. म्हणून तिथे एक जुनी रीत पडली होती. गोलाबद्दल वाद झाला, की गोल करणाऱ्या संघाच्या चाहत्यांनी पुढे यायचे आणि चेंडू कसा गेला ते एकेकाने सांगायचे. त्यांतल्या कोणत्याही दोघांचे बोलणे जुळले तर गोल धरायचा, न जुळले तर सोडून द्यायचा.

सामना सुरू झाला. सशाच्या एका बाजूला कावळा बसला होता, दुसऱ्या बाजूला साळिंदर; नऊ पराभवांनंतर टेकाडावर एवढेच चाहते उरले होते. बराच वेळ तिघेही डोळ्यांत तेल घालून बघत होते. मग एक चेंडू त्यांच्याच संघाच्या गोलरक्षक रानडुकराच्या पायांतून निसटता निसटता राहिला. कावळ्याने सुस्कारा सोडला. "थोडक्यात वाचलो. सहाव्या हंगामात असाच सुटला होता, आठवतं का ससेभाऊ?"

"सहाव्या नव्हे हो," साळिंदर म्हणाली, "चौथ्या. सहाव्यात तर त्याने आपल्याच खांबांत मारला होता."

"तो पाचव्यात, साळिंदरबाई. चौथ्यात तो उभ्या उभ्या झोपला होता."

"झोपला नव्हता. डोळ्यांत माती गेली होती बिचाऱ्याच्या."

दोघेही हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ससा गोंधळला. हे रडण्यासारखे आहे, की हसण्यासारखे? दुखऱ्या दातावरून पुन्हा पुन्हा जीभ फिरवावी, तसे त्यालाही बोलावेसे वाटू लागले. "तिसऱ्या हंगामात मी दोन दिवस गवताला तोंड लावलं नव्हतं," तो म्हणाला. "पावसाने सगळा चिखल झालेला. हरणी एकटीच चेंडू घेऊन पुढे गेली, समोर कोणीही नाही, आणि नेमका तिथेच तिचा पाय..." गोष्ट रंगत गेली. सांगता सांगता त्याने मैदानाकडे पाठ केव्हा फिरवली, हे त्याचे त्यालाही कळले नाही.

इतक्यात मोठा गलका उठला. हा गलका आठवणीतला की मैदानातला, ते सशाला क्षणभर उमगेना. त्याने वळून पाहिले. पलीकडच्यांच्या बांबूंच्या आत चेंडू पडला होता, आणि शेजारी हरणी धापा टाकत उभी होती. पण तेवढ्यात पलीकडचा कोल्हा पुढे झाला. "कासवदादा, चेंडू खांबाच्या बाहेरून गेला आणि मागून घरंगळत आत आला. हा गोल कसला?"

कासव हळूहळू टेकाडापाशी आले. "कोणी पाहिलं ते सांगा."

"मी पाहिलं," कावळा घाईने म्हणाला. "रानडुकराने लांबून मारला, आणि हरणीने डोक्याने आत ढकलला."

"डोक्याने कुठे?" साळिंदर म्हणाली. "उजव्या बाजूने मारला तिने. बांबूला लागून आत गेला."

"बांबूला लागला तो आठव्या हंगामातला, बाई."

"आणि डोक्याने मारलेला दुसऱ्यातला, कावळोबा. तोही आपल्यावर झालेला."

पलीकडच्या काठाचे चाहते पोट धरून हसू लागले. कासवाने सशाकडे मान वळवली. "ससेभाऊ, आता तुम्हीच सांगा. दोघांपैकी कोणाचं खरं?"

सशाने डोळे मिटून आठवून पाहिले. नऊ हंगामांचे सगळे गोल त्याच्या मनात एकमेकांवर आदळत होते. त्यांत आजचा कुठे सापडेना. त्याने डोळे उघडले, तर हरणी त्याच्याकडेच बघत होती. कावळ्याच्या होला हो मिळवले असते, तर गोल पदरात पडला असता. पण न पाहिलेले पाहिले म्हणून सांगायला त्याची जीभ रेटेना.

"मला ठाऊक नाही, कासवदादा," तो खाली मान घालून म्हणाला. "गोल झाला तेव्हा मी तिसऱ्या हंगामात होतो."

कासवाने गोल धरला नाही. सामना बरोबरीत सुटला. परत जाताना हरणी सशापाशी क्षणभर थांबली. "मी डाव्या पायाने मारला, ससेभाऊ. सरळ आत गेला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ससा तिथेच बसून राहिला. आपला संघ खरे तर जिंकला म्हणून आनंद मानावा, की निकालात जिंकला नाही म्हणून रडावे, हे त्याला काही केल्या समजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणी आपल्या सोबत्यांना घेऊन वरच्या रानात निघून गेली, आणि कुरणावर गवे चरू लागले.

तात्पर्य : जुन्या दुःखाच्या आठवणीत रमून जो आजकडे पाठ फिरवतो, त्याला दारी आलेले सुखही दिसत नाही.